बाईंच्या घरी उंदीर झाले की

बाईंकडे पोहे खायला बसलं की प्लेट रिकामी होता होता तळातून त्यांच्या मरणाची बातमी वर यायची. आधी कांदा सरकायचा, मग शेंगदाणे, आणि मग स्टीलवर कोरलेलं दिसायचं : 'कै.' आणि त्यापुढं बाईंचं पूर्ण नाव. आणि खुद्द बाई समोर बसून विचारत असायच्या, "मीठ बरोबर हाये ना?"

आमच्याकडे माणूस गेलं की तेरवीला त्याच्या नावाची भांडी वाटतात. कोणी वाट्या वाटतं, कोणी डबे. बाईंना नवरा नाही, लेकरू नाही. आपल्यामागं भांडी कोण वाटणार आणि वाटली तरी नाव शुद्ध टाकणार का, ही त्यांना काळजी. महापालिकेच्या शाळेतून ड्रॉइंग मास्तरीण म्हणून रिटायर झाल्या त्याच महिन्यात त्यांनी नाव टाकणाऱ्याला ओट्यावर बसवला आणि घरातलं सगळं भांडं त्याच्यापुढं ओतलं. 'कै.' म्हटल्यावर त्याच्या हातातली मशीन थांबली.

"बाई, जित्या माणसाच्या नावाफुडे कै. टाकत नसतेत."

"आज नाही त उद्या टाकाच लागन. तवा तू राहशीन का नाही, काय भरोसा? टाक."

त्यानं टाकलं. मग बाईंनी स्वतः ब्रश घेऊन प्रत्येक भांड्याच्या बुडाला ऑइलपेंटनं दुसरं नाव लिहिलं, ते भांडं कोणाला जाणार त्याचं. डाळीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, माझ्या बायकोच्या, सुमनच्या, नावावर होता. ती कधी त्यांच्याकडे गेली की बाई तो उलटा करून दाखवायच्या. "हा तुया. पण तोवर माही डाळ शिजू दे." समोरच्या घरी नवी सून आली, तिला बाईंनी चहाला बोलावलं. त्या पोरीनं बिस्किटाच्या प्लेटमधलं नाव वाचलं, विचारलं, "आजी, ह्या कोण होत्या?" बाई म्हणाल्या, "मीच." प्लेट जी पडली तिचा पोचा शेवटपर्यंत निघाला नाही.

मी बाईंचा भाडेकरू. चाळीस वर्षं. अमरावतीला राजापेठेत खाली माझं मोटर वायंडिंगचं दुकान, त्याच्यामागं आमच्या दोन खोल्या, वर बाई. शेतकऱ्याची मोटर जळाली, गिरणीची जळाली, कूलरची जळाली की माझ्याकडे येते. जुनी तार उपसायची, नवी भरायची. मी चौथी शिकलो. लिहायची सवय नाही, म्हणून वाकडं वाटलं तर सोडून द्या. पण बाईंबद्दल दुसरं कोणी लिहील असं काही दिसत नाही.

त्यांना मरणाची भीड नव्हती. लोक त्यांना टरकून असायचे ते त्याच्यामुळंच. आमच्या गल्लीत क्लासेस फार. क्लास सुटला की पोरं-पोरी गाड्या भन्नाट काढतात. बाई ओट्यावर उभ्या राहून एखाद्या बिनहेल्मेटवाल्याला थांबवायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

"काय झालं आजी?"

"काही नाही बाप्पा. चेहरा पाहून घेते तुया नीट. मागाहून घरात बरा फोटो सापडत नाही, मंग लोक माह्याकडे येतेत चित्र काढून मागाले."

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर हेल्मेट. पोलिसांना जमलं नाही ते बाईंनी केलं.

आता मुख्य गोष्ट. बाईंकडे एक पुस्तक होतं. कादंबरीच, पण सगळी चित्रांत. लहान पोरांच्या कॉमिकसारखं, फक्त जाडजूड आणि काळंपांढरं, आणि शब्द अगदी थोडे. रद्दीवाल्याच्या गाड्यावर त्यांना ते सापडलं तेव्हाच त्याला कव्हर नव्हतं, पहिली पानंही नव्हती. कोणी काढलं, कुठं छापलं, काहीच माहीत नाही. गल्लीत, नात्यात, ओळखीत कोणाकडे माणूस गेलं की बाई बसायला जायच्या आणि निघताना पिशवीतून ते पुस्तक काढायच्या. वाचा म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "माह्या घरी उंदीर झाले हो. आठ-पंधरा दिवस हे तुमच्याकडे ठेवता का सांभाळून?"

दुःखातल्या घरात नाही कोण म्हणणार? ठेवायचे. आणि घरात पुस्तक पडलेलं असलं, रडून रडून कंटाळा आला, की कोणीतरी ते उघडायचंच. चित्रं असल्यामुळं आजीबाईंनाही चालायचं. एका पानावर हळदीची बोटं, एकावर तेलाचा डाग, एकावर चहाचा गोल. बाई ते डाग दाखवायच्या. "हे पाह्य, इथं पोहोचलेत ते लोक. इथं बसून चहा पेलेत." राजापेठेत सगळ्यांना माहीत झालं होतं की बाईंच्या घरी उंदीर झाले म्हणजे कोणीतरी गेलं.

दोन वर्षांपूर्वी उंदीर आमच्यामुळं झाले. सुमन गेली. सकाळी दळणाचा डबा उचलला, ओट्यावर टेकली, संपलं. चाळीस वर्षांचा संसार, आणि मला आतून तिला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

बाई खाली आल्या त्या रागानं लाल. हातात तो गंज. सगळ्या बायांसमोर सुमनवर ओरडल्या, "लाइन तोडली व तू! माह्या पहिले नंबर लावला! आता याच्यावर कोणाचं नाव लिहू?" आणि गंज छातीशी धरून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. जाताना मात्र पिशवीत हात घातला. "मिस्तरी, माह्याकडे उंदीर..." मी मान हलवली. बोललो नाही. मी कोणाशीच बोलत नव्हतो.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती आता लिहितो. मी बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. माझी लेक येऊन राहिली होती, ती रोज विचारायची, "बाबा, गोळी घेतली?" मी मान हलवायचो आणि अंगणात जाऊन गोळी तुळशीच्या कुंडीत दाबायचो. मला सुमनच्या मागं जायचं होतं. डोकं फिरलं नव्हतं माझं. हिशोब साधा वाटत होता : मोटर जळाली, आता त्यात तार भरायची नाही.

दहा दिवस संध्याकाळी घरात गरुडपुराण लावलं होतं. पाचव्या दिवशी अकोल्याहून माझी वहिनी आली. कामाची बाई, पण घाईची. महाराज यायची वेळ झाली, पोथी कुठंय? फळीवर लाल कापडात बांधलेलं काहीतरी दिसलं. तिनं ते चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, उदबत्ती लावली. खोली माणसांनी भरली. महाराजांनी हात जोडले, गाठ सोडली, चष्मा लावला, आणि गप्पच झाले. पान उलटलं. पुन्हा गप्प.

"महाराज, सुरू करा," वहिनी म्हणाली.

"काय सुरू करू? याच्यात त एक बाई गिरणीच्या काट्यावर बसून सोताचं वजन करून राहिली."

माझी म्हातारी मावशी कोपऱ्यातून म्हणाली, "किती भरलं?"

"अं?"

"वजन व. किती भरलं तिचं?"

महाराजांनी पुस्तक डोळ्याजवळ नेलं. "ते नाही लिहिलं. पण बाकीच्या बाया हासून राहिल्या."

"दाखव बरं इकडे."

झालं. पुस्तक मावशीच्या मांडीवर गेलं आणि सगळ्या बाया तिच्याभोवती. त्या पुस्तकात एक गिरणीवाली आहे. नवरा गेलेला, गिरणी ती एकटीच चालवते. डॉक्टर तिला सांगतो की आता थोडेच महिने. ती म्हणते, बरं, पण बाहेर डबे लागलेत, तेवढं दळून घेते. पुढच्या चित्रात डॉक्टर स्वतःच डबा घेऊन लाइनीत उभा, आणि नाकात पीठ जाऊन असा शिंकतो की अर्धं पान पांढरं. मावशी हसली, तिला बघून वहिनी हसली, तोंडाला पदर लावून सगळी खोली हसायला लागली. सुमनच्या फोटोसमोर. मला राग यायला पाहिजे होता. पण मावशीच्या खांद्यावरून मला ते चित्र दिसलं, आणि पाच दिवसांत माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"पट्टा उलटा हाये."

सगळे माझ्याकडे वळले. लेक उठून उभी राहिली.

"गिरणीचा पट्टा," मी म्हणालो. "पुलीवर पाह्यजे. यानं मोटरच्या पंख्याच्या झाकणावर चढवला. अशी गिरणी जन्मात चालनार नाही. काढनारानं मोटर पाह्यलीच नाही कधी."

"मंग कसा पाह्यजे, बाबा?" लेकीनं विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती पट्ट्याबद्दल विचारत होती.

तेवढ्यात बाई दारात आल्या. चौरंग बघितला, कुंकू बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "अवं, कशाले हळदकुंकू वाह्यलं त्याले? ते कापड माह्या जुन्या परकराचं व्हय!"

महाराज उठून हात धुवायला गेले. भला माणूस. परत येऊन म्हणाले, "पोथी उद्या वाचू. आज त्या गिरणीवालीचं फुडे काय झालं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कागद-पेन्सिल घेऊन दुकानात हजर. "काढा. बरोबर पट्टा कसा असते ते काढून दाखवा मले." मी काढायला बसलो. रेघ सरळ येईना. बाईंनी चाळीस वर्षं पोरांचे हात बघितलेले. माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुळशीच्या कुंडीत पांढरं पांढरं काय हाये? तुळशीले बीपी झाला का?"

मी पेन्सिल ठेवली.

"मले जायचं हाये तिच्यामागं," मी म्हणालो. "तुमी मधात पडू नका."

आता ही बाई मला शहाणपण शिकवणार, लेकीला सांगणार, असं मला वाटलं. बाईंनी तसलं काही केलं नाही.

"मी रोज बोलाले येईन," म्हणाल्या. "तुमाले आवडो का नाही. अन् ते पुस्तक अर्धं टाकून कोणाले जाता येत नाही. माह्या हातून गेलेलं पुस्तक आजपर्यंत कोणी अर्धं वापस केलं नाही. मी मास्तरीण हाये, खपवून घेनार नाही."

मला रागच आला. रागानं मी पुस्तक उघडलं, चुका काढायला. आणि चुका भरपूर होत्या! जात्याच्या दगडाला छिन्नीनं घालतात ते टाके उलटे, स्टार्टर जमिनीला लागून, वायर कुठून आली कुठं गेली पत्ता नाही. मी पेन्सिलनं खुणा करत गेलो. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. ती गिरणीवाली सगळ्यांना गिरणी शिकवत सुटते. कोणाला जमत नाही, कोणाचं पीठ जाड येतं, एकीच्या वेणीला पट्टा लागता लागता वाचतो. हसू येतं. आणि मग शेवटाकडे चार पानं अशी आली की मी पुस्तक घेऊन तडक जिना चढलो.

"बाई, हे पुस्तक खराब हाये. चार पानं चुकीची छापली."

"काय चुकलं?"

"गिरणी हाये, काटा हाये, डबे हायेत. बाईच नाही. अक्षरही नाही. छापखान्यावाल्याची बाई छापाची राहून गेली."

बाई हसायला लागल्या. कठडा धरून हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

"मिस्तरी, ती मेली ना."

"कवा? मले त कुठी दिसलं नाही. ना खाट, ना डोळे मिटले. मागच्या पानावर त पीठ झाडून राहिली होती!"

"हो. मागच्या पानावर होती. या पानावर नाही."

मी तिथंच पायरीवर बसलो. बाईंनी चहा टाकला. आत स्टोव्हवर भांडं वाजलं.

"ती चार पानं तुमी किती वेळ पाह्यली?" त्यांनी आतून विचारलं.

"पाहाचं काय त्याच्यात? लगेच पलटवली."

"मंग आता पाहा."

मी पाहिली. पहिल्यांदा वाटलं चारही पानं एकच. तशी नाहीत. दारातून आलेलं ऊन पहिल्या पानावर काट्यापाशी आहे, दुसऱ्यावर डब्यांपाशी, तिसऱ्यावर भिंतीवर चढलं. चौथ्यावर ऊन नाही, पण सांडलेल्या पिठात चिमणीचे पाय उमटलेत. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी येऊन गेलं. मला वाटलं होतं तिथं काहीच नाही.

खाली आलो. सुमन गेल्यापासून मी स्वयंपाकघरात पाय टाकला नव्हता. लेक ताट दुकानात आणायची. त्या दिवशी मी आत जाऊन जमिनीवर बसलो. दुपारभर बसलो. जाळीतून ऊन आलं, मिठाच्या बरणीवर गेलं, सरकलं. ती नव्हती. मी वाट बघितली की आता काहीतरी भयंकर होईल. पाचच्या सुमाराला मला भूक लागली. एवढंच झालं. मी उठून चहा केला, साखर दुप्पट पडली, पिता येईना इतका गोड. तो प्यालो आणि त्याच्यावर गोळी घेतली.

दोन-तीन दिवसांनी बाई अंगणात म्हणाल्या, "तुळशीचा बीपी वाढला असन आता." मी म्हटलं, "तिले दुसरा डॉक्टर पाहा." त्यावर जास्त बोलणं झालं नाही.

पुढं बाईंनी मला उंदरांच्या कामावर घेतलं. एकदा अकोल्याला त्यांच्या मैत्रिणीचा नवरा गेला. एसटीनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बाईंनी कंडक्टरला त्याच्या घरी कोणकोण आहे, कोणावर किती जीव आहे, सगळं विचारून घेतलं होतं. तो बिचारा दर स्टॉपवर आमच्याकडे बघायचा. मैत्रिणीच्या घरी बाईंनी उंदरांचं काढताच ती बाई भडकली. "माह्या घरातला माणूस गेला अन् तू कॉमिक घेऊन आली? चाल, उठ!" आम्हाला तिनं खरोखर बाहेर काढलं. चपला हातात घेऊनच आम्ही गेटपाशी आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि बाई कुंपणाला टेकून हसत होत्या. "मिस्तरी, पाह्यलं का? ओरडाले लागली! दहा दिवस झाले, तिची लेक सांगत होती, ती हूं का चूं करत नव्हती."

ती बाई पुढच्या महिन्यात स्वतः अमरावतीला आली. पुस्तक मागायला नाही. भांडायला. दिवसभर भांडली, जेवली, आणि जाताना पुस्तक घेऊन गेली.

मी काही पुस्तकं वाचणारा माणूस नाही. पण हे वाचा. नाव मला सांगता येत नाही, कव्हरच नव्हतं. ओळख सांगतो : काळंपांढरं आहे, गिरणी आहे, आणि पट्टा पंख्याच्या झाकणावर आहे. कुठं रद्दीत, दुकानात सापडलं तर घ्या. मरण कसं सोपं आहे वगैरे त्यात काही नाही. तसलं असतं तर मी फेकून दिलं असतं. त्यात कोणी कोणाला समजावतच नाही. डबे येतात, पीठ होतं, माणूस जातं, चिमणी येते. घरात माणूस गेलेलं असेल तर हसायची तयारी ठेवून वाचा, आणि लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. आमच्याकडे महाराजसुद्धा हसले.

बाई या उन्हाळ्यात गेल्या. भांडी वाटायला मीच होतो. शेवटचे काही दिवस त्या दवाखान्यात होत्या. मी रोज दुपारी दुकान बंद करून जायचो. पहिल्या दिवशी नर्सनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" बाईंनीच डोळे न उघडता सांगितलं, "भाडेकरू. लिहा. चांगला हाये, भिंतीले खिळे ठोकत नाही."

एका दुपारी मी पुस्तक घेऊन गेलो. त्यांची नजर गेली होती, म्हटलं एकेक चित्र सांगतो. त्यांनी माझा हात धरला. हात गार होता.

"पुस्तक नको."

"काहून? तुमचंच हाये."

"मिस्तरी," त्या हळू म्हणाल्या, "मले भेव लागून राहिलं."

एवढी वर्षं ज्या बाईनं स्वतःच्या नावाआधी कै. टाकलेल्या प्लेटमध्ये पोहे खाल्ले, तिला भीती वाटत होती. भिऊ नका म्हणायला मी कोण? मी म्हणालो, "लागू द्या. मी बसलो हाये."

त्यांनी हात सोडला नाही.

"तुमी मोटर कशी भरता?" त्यांनी विचारलं. "चाळीस वर्षं खालून आवाज आला. कधी पाह्यलंच नाही मी."

मग मी सांगायला लागलो. जळालेली तार आधी छिन्नीनं कापायची. उपसून काढायची. मग गाळे, म्हणजे लोखंडात तार बसते त्या खाचा, साफ करायचे, एकेक, काळं राहू द्यायचं नाही. प्रत्येक गाळ्यात कागद बसवायचा, तांबं लोखंडाला लागलं नाही पाहिजे. मग वेटोळी करायची. वेटोळं गाळ्यात उतरवताना जोर लावायचा नाही, बोटानं सारत न्यायचं, तार सोलली की सगळं पाण्यात. "किती गाळे असतेत?" बाईंनी विचारलं. "चोवीस." "सगळे सांगा." मी एकेक गाळा भरत गेलो. नवव्या-दहाव्यापाशी त्यांच्या हाताची पकड सैल झाली. मी वाकून बघितलं. श्वास चालू होता, झोप लागली होती. मी थांबलो तर जागतील, म्हणून थांबलो नाही. चोवीस भरले, बांबूच्या काड्या ठोकल्या, दोऱ्यानं बांधलं, जोड दिले, वार्निश ओतलं. आत ऊब राहायला बल्ब लावून मोटर वाळत ठेवली. ती वाळायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी बसून राहिलो.